सदस्यत्वाआधीचे मैल: हक्क, फुकटेगिरी नव्हे



विमान कंपनीच्या नियमित प्रवाशांसाठीच्या योजनेत नाव नोंदवण्याआधी झालेल्या प्रवासाचे मैल (बक्षीस गुण) मागणे ही फुकटेगिरी आहे, हे गेल्या अंकातील लेखाचे मत वस्तुस्थितीला धरून नाही.

पहिला मुद्दा नियमाचा. ही मुभा प्रवाशांनी शोधलेली पळवाट नसून काही कंपन्यांनी स्वतः दिलेली सवलत आहे. १९८१ मध्ये सुरू झालेल्या अमेरिकन एअरलाइन्सच्या ‘अ‍ॅडव्हांटेज’ योजनेत नव्या सदस्याला नोंदणीपूर्वीच्या ३० दिवसांतील उड्डाणांचे मैल मागता येतात.

दुसरा, ‘कोणतेही जुने तिकीट चालते’ या विधानाचा. मुदत संपली की मागणी फेटाळली जाते, आणि भागीदार कंपनीच्या उड्डाणाला ही सवलत लागू असेलच असे नाही. पुरावा म्हणून तिकिटाचा १३ अंकी क्रमांक लागतो. त्यातील पहिले ३ अंक कंपनीचे असतात. उदाहरणार्थ, एअर इंडियाचे ०९८. सहा अक्षरांचा पीएनआर पुढे दुसऱ्या आरक्षणाला दिला जाऊ शकतो, म्हणून तो पुरेसा नसतो. सदस्याचे नाव तिकिटावरील नावाशी जुळावे लागते.

तिसरा, ‘कंपनी लुटली जाते’ या आरोपाचा. भाडे पूर्ण वसूल झालेले असते, मैल तिकिटाच्या भाडेवर्गानुसार किंवा रकमेनुसारच मिळतात आणि एकच उड्डाण दोन योजनांत जमा होत नाही. उलट कंपनीला नवा, बांधील ग्राहक मिळतो.

नियमात बसणाऱ्या मागणीला दोष देण्याआधी नियम वाचणे इष्ट.

— एक वाचक, ठाणे