वादाआधी वाचन

थॉमस पेनने ‘एज ऑफ रीझन’चा पहिला भाग १७९३ साली पॅरिसमध्ये लिहिला, तेव्हा त्याच्याजवळ बायबलची प्रत नव्हती. फ्रेंच क्रांतीचे सर्वांत भयंकर दिवस चालू होते आणि बायबल कुठे मिळण्यासारखेही नव्हते. डिसेंबरच्या अखेरीस त्याला अटक झाली. तुरुंगाकडे जाताना त्याने हस्तलिखित जोएल बार्लो या मित्राच्या हवाली केले. पुढच्या वर्षी सुटल्यावर त्याने दुसरा भाग लिहिला. या वेळी बायबल त्याच्यासमोर होते आणि ते आपल्याला वाटले होते त्याहून वाईट निघाले, असे त्याने नोंदवून ठेवले आहे.

पेन नास्तिक नव्हता. तो एक ईश्वर मानत असे आणि ग्रंथाचे प्रामाण्य नाकारत असे. पण ख्रिस्ती माणसाशी वाद घालायला नास्तिकाने बायबल वाचलेच पाहिजे का, या प्रश्नाचा विचार त्याच्या या दोन भागांपासून सुरू करता येतो. पहिल्या भागातला त्याचा मुख्य मुद्दा साधा आहे. देवाने एखाद्याला काही सांगितले असेल, तर साक्षात्कार त्या एकट्याला झाला. बाकीच्यांच्या दृष्टीने ती ऐकीव गोष्ट. हे म्हणायला एकही अध्याय वाचावा लागत नाही. दुसऱ्या भागात तो विचारतो, की ‘अनुवाद’ हे पुस्तक मोशेने लिहिले म्हणतात, मग त्यात मोशेचाच मृत्यू आणि दफन कसे आले? यासाठी मात्र पुस्तक उघडावे लागते. लँडॅफचे बिशप रिचर्ड वॉटसन यांनी १७९६ साली पेनला उद्देशून पत्ररूपाने उत्तर दिले, ते याच दुसऱ्या भागाला.

यंदाच्या अंकाचा विषय ‘श्रद्धा आणि वाद’ ठरला, तेव्हापासून हा फरक आमच्या मनात घोळतो आहे. विश्वास न ठेवायला ग्रंथ वाचण्याची अट नाही, हे आम्ही ठामपणे म्हणतो. २००६ मध्ये रिचर्ड डॉकिन्स यांच्या ‘द गॉड डिल्यूजन’वर टेरी ईगल्टन यांनी कडक टीका केली: ज्या धर्मशास्त्राला हा माणूस नाकारतो, ते त्याने वाचलेलेच नाही. त्याच वर्षी पी. झेड. मायर्स या जीवशास्त्रज्ञाने अशा आक्षेपांना नागड्या राजाच्या गोष्टीतून उत्तर दिले. राजा उघडा आहे असे म्हणणाऱ्याने आधी त्याच्या वस्त्रांवरचे सगळे विद्वत्तापूर्ण ग्रंथ वाचावेत, असा आग्रह दरबारी धरतात. मायर्स यांचे म्हणणे इथवर आम्हाला पटते. अवेस्ता न वाचता कोट्यवधी ख्रिस्ती लोक पारशी धर्म मानत नाहीत आणि त्यात काही गैर नाही. दावा करणाऱ्याने पुरावा द्यावा. न मानणाऱ्याला परीक्षेला बसवू नये.

पण न मानणे वेगळे आणि वाद घालणे वेगळे. वादात समोर माणूस असतो, आणि तो कोणता ख्रिस्ती आहे हे कळल्याशिवाय त्याच्याशी बोलणे सुरूच होत नाही. बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकातले सृष्टिनिर्मितीचे सहा दिवस हे खरोखरचे सहा दिवस होते, असे मानणारे अमेरिकेत पुष्कळ आहेत. वसईच्या कॅथलिक शेजाऱ्याला मात्र त्यावरून पकडायला गेलात, तर तो गोंधळून तुमच्याकडे पाहील. उत्क्रांतीच्या संशोधनाला आणि चर्चेला त्याच्या चर्चने १९५० मध्येच मोकळीक दिली. महास्फोटाची कल्पना मांडणारा जॉर्ज लमेत्र हा तर कॅथलिक धर्मगुरूच होता. त्याच्याही दीड हजार वर्षे आधी संत ऑगस्टीनने स्वधर्मीयांना बजावले होते, की सृष्टीबद्दल अडाणीपणाने बोलून त्याला शास्त्राचा आधार देऊ नका, परधर्मीय हसतील. समोरच्याने जे कधी मानलेच नाही ते खोडून काढण्यात संध्याकाळ गेली, तर तो वाद झालाच नाही.

चार्ल्स ब्रॅडलॉ हा या बाबतीत आम्हाला फार मोलाचा माणूस वाटतो. लंडनमध्ये चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकवणारा हा कोवळा मुलगा दृढीकरण विधीच्या तयारीसाठी चारही शुभवर्तमाने आणि इंग्लंडच्या चर्चची एकोणचाळीस कलमे ताडून पाहायला बसला. मेळ बसेना, म्हणून त्याने आपल्या पाद्रीसाहेबांना पत्र लिहून मदत मागितली. उत्तर देण्याऐवजी त्यांनी त्याला नास्तिक ठरवले. अ‍ॅनी बेझंट यांच्या मनात पहिली शंका आली तीही अशीच, शुभवर्तमानांतले प्रसंग शेजारी शेजारी मांडताना. दोघेही ग्रंथापासून दुरावले ते तो मनापासून वाचल्यामुळे. ब्रॅडलॉ १८८० मध्ये नॉर्थॅम्प्टनमधून संसदेवर निवडून आला. शपथेवरून सहा वर्षे त्याची अडवणूक झाली आणि १८८६ मध्ये त्याला जागा मिळाली. १८८९ च्या डिसेंबरात मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला तो हजर होता.

या वाचनात एक धोका आहे. चुका वेचायच्या म्हणून वाचणारा लवकर थांबतो. येशूला दगा देणाऱ्या यहूदा इस्कर्योताने मत्तयात गळफास घेतला, तर प्रेषितांच्या कृत्यांत तो पालथा पडून त्याचे पोट फुटले. ही विसंगती सापडली की त्याला काम फत्ते झाल्यासारखे वाटते. पण अशा विसंगतींचा सर्वांत कसोशीने अभ्यास ख्रिस्ती विद्यापीठांतल्या धर्मशास्त्राच्या प्राध्यापकांनीच केला आहे. युलियस वेलहाउझेन यांनी तर १८८२ मध्ये धर्मशास्त्र विभागातली आपली जागाच सोडली. आपल्या शिकवण्याने विद्यार्थी चर्चच्या सेवेला निरुपयोगी होतात, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटले. अशा माणसांचा आम्हाला आदर वाटतो आणि नास्तिकांनाही तो वाटावा.

शिवाय त्या पुस्तकात काय ताकद आहे, हे ते दडपणाऱ्यांना नीट कळले होते. १८०७ मध्ये लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी एक निवडक बायबल छापले गेले. इस्राएली लोक मिसरच्या दास्यातून बाहेर पडतात तो निर्गमातला भाग त्यातून गाळला होता. मालकाची आज्ञा पाळा, असे सांगणारी वचने मात्र राहिली. नास्तिकाने संपूर्ण बायबल आणि हे कापलेले बायबल दोन्ही समोर ठेवावीत. धर्मग्रंथ सत्तेच्या हाती गेला की काय होते, हे त्याला कुठल्याही व्याख्यानापेक्षा लवकर कळेल. आणि त्याच ग्रंथातून सुटकेची भाषा कशी उचलली गेली, हेही कळेल. ईयोबाचे पुस्तक वाचले तर त्याला आणखी एक गोष्ट दिसेल. निरपराध माणसाने दुःख का भोगावे, हा नास्तिकाचा सर्वांत जुना प्रश्न तिथे एक श्रद्धावान माणूस देवालाच विचारतो, आणि आपल्यापैकी बहुतेकांपेक्षा जास्त संतापाने विचारतो.

जोतीराव फुले यांनी पेनचे ‘राइट्स ऑफ मॅन’ तरुणपणीच वाचले होते. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ प्रसिद्ध झाले. त्यात एका कुटुंबाची कल्पना आहे. पत्नीने बौद्ध धर्माचे पुस्तक वाचून वाटल्यास तो धर्म घ्यावा, पतीने जुना आणि नवा करार वाचून ख्रिस्ती व्हावे, मुलीने कुराण वाचून मुसलमान व्हावे, मुलाने सत्यधर्म स्वीकारावा, आणि सर्वांनी एका घरात प्रेमाने राहावे. या घरात प्रत्येक जण आधी वाचतो, हे आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. आम्ही त्या घरात आणखी एकाला जागा मागतो, जो ही सगळी पुस्तके वाचेल आणि त्यांतले एकही मानणार नाही. त्याच्याशी जेवताना वाद व्हावेत आणि कुणी ताटावरून उठू नये.

मराठी वाचकाला भाषेची अडचण नाही. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले भाषांतर त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ आजच्या मराठीत आहे. सुरुवात उत्पत्तीपासून करू नये, असे आमचे मत. ‘लेवीय’ हे पुस्तक येईपर्यंत बहुतेकांचा धीर सुटतो. आधी मार्ककृत शुभवर्तमान घ्यावे. चारांतले ते सर्वांत लहान, १६ अध्यायांचे, एका दुपारी वाचून होते. सर्वांत जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत ते शेवटच्या अध्यायाच्या आठव्या ओवीवर संपते. कबर रिकामी आहे, स्त्रिया घाबरून पळतात आणि कुणालाच काही सांगत नाहीत. पुढच्या बारा ओव्या नंतरच्या हाताने जोडल्या, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तिथे थांबून ख्रिस्ती मित्राला विचारावे, की तू हे कसे वाचतोस?