खिडकीबाहेरच्या आठवणी

गेल्या नाताळात मुकुंदवाडीतील आपल्या काही कुटुंबांनी एक छोटासा स्नेहमेळावा भरविला होता. मेजावर बंद पडलेला ट्रान्झिस्टर, चावीचे एचएमटी घड्याळ, पितळी स्टोव्ह आणि 'चांदोबा'चे चार जीर्ण अंक मांडून ठेवले होते. एकामागून एक वडीलधारी माणसे उठत होती आणि गतकाळाचे गोडवे गात होती. तेव्हा माणसे साधी होती, घरात काही नव्हते पण सुख होते, शेजारी शेजाऱ्याला धरून होता. आताच्या पोरांना त्याची काय कल्पना! टाळ्या पडत होत्या. तेवढ्यात मागच्या सतरंजीवरून एक आजीबाई म्हणाल्या, "आवं, त्या स्टोव्हात घालाया रॉकेल कोन आनत व्हतं, ते बी सांगा की!"

सभेत हशा पिकला आणि कार्यक्रम पुढे सरकला. आम्ही मात्र त्या प्रश्नापाशीच थांबलो. हशात बुडून गेलेला तो प्रश्न पुन्हा वर काढावा, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. आपल्या ख्रिस्ती घरांतून अलीकडे जुन्या दिवसांचे जे स्मरण चालले आहे, ते बव्हंशी उसने आहे आणि अर्धवट आहे. अर्धवट स्मरण हे असत्यच होय. ते दोघांवर अन्याय करते. ज्यांनी त्या काळाचा भार वाहिला त्यांच्यावर, आणि ज्यांना आज त्या काळाच्या नावाने टोमणे ऐकावे लागतात त्या तरुणांवर.

गोडवा नव्हताच, असे आम्ही म्हणत नाही. बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' लागे आणि अमीन सयानींचा आवाज ऐकताच गल्ली निःशब्द होई, हे आम्हीही अनुभवले आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत ते निवर्तले तेव्हा आमच्याही मनात काही तरी हलले. परंतु वाचकहो, त्या गीतमालेचा जन्म कसा झाला, हे आपण आपल्या मुलांना सांगतो काय? १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी खाते बाळकृष्ण केसकर या मराठी गृहस्थांकडे आले. चित्रपटगीते रसिकांची अभिरुची बिघडवितात, असे त्यांचे ठाम मत होते. आकाशवाणीवर त्या गीतांची गळचेपी झाली, म्हणून श्रोता सिलोनकडे वळला. अखेर १९५७ मध्ये आकाशवाणीलाच 'विविध भारती' सुरू करावी लागली. म्हणजे आज ज्या गाण्यांना आपण संस्काराचे स्थान देतो, तीच गाणी तेव्हाच्या वडीलधाऱ्यांना बिघडवणारी वाटत होती. आपल्या मिशनच्या आवारातही सिनेमाचे गाणे गुणगुणणाऱ्या मुलाचे कौतुक होत नसे. मग आज नातवाच्या हातातील मोबाईलकडे पाहून नाक मुरडताना थोडा विचार करावयास नको काय?

आता दूरदर्शनची गोष्ट. १९८० च्या दशकात आपल्या वस्त्यांत दूरचित्रवाणी संच आले. आले म्हणजे गल्लीत एखाद्याच घरी आले. 'चित्रहार' असो वा १९८७ मध्ये सुरू झालेले रविवार सकाळचे 'रामायण', त्या एका घरात सारी आळी लोटे. 'सगळे मिळून पाहायचो' हे वाक्य आता प्रत्येक मेळाव्यात ऐकू येते. वाक्य खोटे नाही, परंतु त्यातील 'मिळून' हा शब्द तपासून घ्यावा लागेल. काही मुले आत सतरंजीवर बसत, काही उंबऱ्यात, आणि काही खिडकीचे गज धरून बाहेर उभी राहत. कोणी कोठे थांबावे, हे कोणी मोठ्याने सांगत नसे, पण प्रत्येकाला ठाऊक असे. आम्ही खिडकीबाहेरचे. पावसाळ्यात खिडकी लावली गेली की आमचा कार्यक्रम तेथेच संपे. आज आम्ही त्या आठवणी सांगताना स्वतःला सतरंजीवर बसवितो, हीच आमची तक्रार आहे. सतरंजीवरच्यांची आठवण आपण आपली म्हणून मिरवितो. आपली स्वतःची आठवण खिडकीबाहेरच उभी राहते.

मुकुंदवाडीचा इतिहास तरी काय सांगतो? जालना रस्त्यालगतचे हे एक खेडे. चिकलठाण्याला औद्योगिक वसाहत झाली, शेजारी सिडकोची घरे उभी राहिली आणि गाव शहरात विरघळले. वैजापूर, गंगापूर, जालना या भागांतून कामाच्या शोधात आलेल्या कित्येक कुटुंबांनी येथे आणि आसपास बिऱ्हाडे थाटली. त्यांत आपलीही होती. त्यांना गावातून कोणी हाकलले? पुष्कळांना १९७२ च्या दुष्काळाने. त्या दुष्काळाचे नाव आपल्या मेळाव्यांत एकदाही निघत नाही, याचे आम्हांस नवल वाटते. रेशनवरची लाल मिलो, सरकारी सुकडी, भर उन्हात खडी फोडणाऱ्या बायका, शेजारी पाळण्यासारख्या बांधलेल्या फडक्यात झोपलेले तान्हे मूल, हे सारे 'त्या दिवसां'चेच नव्हे काय? ज्या रोजगार हमी योजनेचा महाराष्ट्र अभिमान बाळगतो, ती याच खडीच्या ढिगाऱ्यांतून वर आली आणि पुढे १९७७ मध्ये तिचा कायदा झाला.

आणि पाणी! जुन्या काळी सुख होते असे जे म्हणतात, त्यांना आम्ही एवढेच विचारतो की तुमच्या घरात पाणी कोण भरीत होते? उत्तर बहुतेक एकच येईल: आई, नाही तर थोरली बहीण. कित्येक बहिणींची शाळा हंड्यापायी सुटली. भावाने संध्याकाळी गीतमाला ऐकली, तेव्हा ती हापशावर रांगेत उभी होती. तिला आज त्या गाण्यांची नावे विचारा. तिला रांगेतील क्रमांक आठवेल. पैठणचे जायकवाडी धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले, तरीही या शहरातील कित्येक भागांत अगदी गेल्या काही वर्षांतही नळाला दिवसांच्या खाड्याने पाणी येत राहिले. तेव्हा हंड्याची कथा इतिहासजमा झाली, असेही समजण्याचे कारण नाही.

'त्या काळी जातपात कोणी मानत नव्हते' हे विधान तर आम्हांस सर्वांत अधिक टोचते. आपल्यापैकी बहुतेकांचे आजे-पणजे कोणत्या वाड्यांतून आले, हे आपण विसरलो काय? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच मिशनरी वैजापूर तालुक्यातील घोगरगाव, बोरसर या परिसरात आले. त्यांच्यापाशी जी माणसे गेली, त्यांना गावच्या विहिरीवर घागर बुडविण्याची मुभा नव्हती. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध बांधवांचा त्यांत समावेश झाला. ख्रिस्ती झालेल्या दलितांचा आजवर झालेला नाही. विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव १९७८ मध्ये झाला आणि मराठवाड्यात दलितांची घरे जळाली. नामविस्तारासाठी १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. ज्या वर्षांची गाणी आपण आळवितो, त्याच वर्षांतील ही हकीकत आहे. ती गाळून उरते ते दुसऱ्याच कोणाचे बालपण.

यावर कोणी म्हणेल, 'अहो, म्हातारपणी माणसाने दोन घटका गोड आठवणीत रमावे, त्यात तुमचे काय जाते? दुःख सर्वांनाच ठाऊक आहे. ते उगाळून काय मिळणार?' आक्षेप प्रामाणिक आहे. दमलेल्या माणसाचा विसावा आम्ही हिरावून घेऊ इच्छित नाही. परंतु दुःख सर्वांना ठाऊक आहे, हेच मुळी खरे नाही. आमच्या नातवंडांना ते ठाऊक नाही. त्यांना फक्त एवढेच ऐकविले जाते की तुमच्या आजोबांचा काळ सुवर्णकाळ होता आणि तुम्ही करंटे आहात. औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर राबून घरी येणाऱ्या मुलाला हे ऐकवावे, हा कोठला न्याय? वडिलांनी काय सोसले हे त्याला कळले असते, तर स्वतःच्या कष्टांत तो एकटा नाही, हेही त्याला उमगले असते.

आपल्या धर्मसभेने या बाबतीत आपल्याला चांगला धडा घालून दिला आहे. आपल्यातील वृद्धांना लॅटिन मिस्सा आठवते. तिचे सूर, धुपाचा वास, वेदीकडे तोंड करून उभे असलेले फादर, हे सारे रम्य होते, हे निर्विवाद. पण घोगरगावच्या शेतमजुराला त्यातील किती शब्द कळत होते? १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेला वेदीवर स्थान दिले आणि पुढे मिस्सा मराठीत होऊ लागली. जुने रम्य होते म्हणून ते तसेच ठेवावे, असा हट्ट धर्मसभेने धरला असता, तर आज आपण परमेश्वराशी आपल्या आईच्या भाषेत बोललो असतो काय?

पवित्र शास्त्रातही ही कथा आहेच. गणना या पुस्तकाचा अकरावा अध्याय काढून पाहा. गुलामगिरीतून सुटलेले इस्राएल लोक रानात बसून रडतात, त्यांना मिसर देशातील मासे, काकड्या, खरबुजे, कांदे आणि लसूण आठवतात. वेठबिगार आणि पाठीवरचा आसूड त्यांना आठवत नाही. त्यांच्या जिभेने त्यांच्या पाठीला फसविले. आपले मेळावे याहून निराळे आहेत काय?

म्हणून आम्ही स्मरण सोडा असे म्हणत नाही. स्मरण पुरे करा, असे म्हणतो. रेडिओबरोबर हंडा मांडा. चित्रहाराबरोबर खिडकी सांगा. 'दयासागर' हा चित्रपट वस्तीत पांढऱ्या पडद्यावर दाखविला गेला तेव्हा पडद्याच्या दोन्ही बाजूंनी लोक बसले होते, तो आनंद सांगा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच लोकांनी वेगवेगळ्या पाणवठ्यावर पाणी भरले, तेही सांगा. एकतारी आणि डिमडीवरची आपली भजने, पाठांतर करून घेणारे गावोगावचे मास्तर, चालत केलेल्या यात्रा, ही आपली स्वतःची संपत्ती आहे. तिच्याकडे पाठ फिरवून परक्या दिवाणखान्यातील आठवणी आपण का सजवाव्यात?

काम अवघड नाही. ज्या मोबाईलला आपण दूषणे देतो, तोच पोरांनी आजीपुढे धरावा आणि तिला बोलू द्यावे. मध्ये कोणी 'जाऊ दे आता ते' असे म्हणू नये. प्रत्येक घराने एक पान लिहावे, त्यावर एक गोड आठवण आणि एक कडू. अशी शंभर पाने जमली, तर आपल्या लोकांचा खरा इतिहास लिहिला जाईल.

दर रविवारी आपण ज्या मेजाभोवती जमतो, तेथे प्रभूने आपल्याला स्मरण करावयास सांगितले आहे. ते स्मरण कशाचे? मोडलेल्या भाकरीचे आणि सांडलेल्या रक्ताचे. प्रभूच्या मेजावर गोड तेवढे ठेवून कडू झाकण्याची रीत नाही. मग आपल्या घरच्या मेजावरच ती का असावी?

पुढच्या नाताळात पुन्हा मेळावा भरेल. पितळी स्टोव्ह पुन्हा मेजावर येईल. त्या वेळी त्या आजीबाईंना मागच्या सतरंजीवरून पुढे आणून बसवावे आणि रॉकेलच्या रांगेची हकीकत त्यांच्याच तोंडून सर्वांनी ऐकावी, एवढीच आमची विनंती आहे.