बॅकअप घेतला, पण डी ड्राइव्हचा घेतला का?

'सी फॉरमॅट करून देतो, डीला हात लावत नाही.' विंडोज बिघडलेला संगणक दुरुस्तीला नेला की हे वाक्य हमखास ऐकायला मिळते. वर्षानुवर्षे ते ऐकून आपल्याकडे एक समज पक्का झाला आहे. सी म्हणजे विंडोजची जागा, तिथले गेले तरी चालेल. डी म्हणजे तिजोरी. त्यामुळे जयसिंगपुरातला फोटो स्टुडिओ असो, लग्नपत्रिका करणारा डीटीपीवाला असो, की मुलांचे बारशापासूनचे फोटो जपणारे घर, मोलाचे सगळे डीमध्ये. बॅकअपच्या तयार सोयी मात्र सीकडे बघून बनवलेल्या. घोळ इथेच आहे.

आधी आपला डी नेमका काय आहे ते पाहावे. स्टार्टच्या चिन्हावर राइट क्लिक करून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. खालच्या भागात 'डिस्क ०', 'डिस्क १' अशा ओळी दिसतील. सी आणि डी एकाच ओळीत असतील, तर त्या एकाच घराच्या दोन खोल्या. घर पडले की दोन्ही गेल्या. डी वेगळ्या ओळीत असेल, तर ती खरोखर दुसरी डिस्क. पण तिचे वय विचारा. वेग यावा म्हणून अनेक जुन्या संगणकांत नवी एसएसडी बसवून घेतली जाते, विंडोज तिच्यावर जाते आणि जुनी हार्ड डिस्क 'डेटासाठी राहू दे' म्हणून आतच ठेवली जाते. म्हणजे संगणकातला सर्वांत जुना, फिरून फिरून झिजलेला भाग आणि त्याच्यावरच घरातला सगळा ऐवज. पुन्हा डाउनलोड करता येणारे विंडोज मात्र नव्या डिस्कवर ऐटीत. ही वाटणी मला पूर्ण उलटी वाटते, आणि दुकानदारांनीही ग्राहकाला तसे स्पष्ट सांगायला हवे.

बॅकअप सुरू असूनही डी का सुटतो?

विंडोजमधली 'फाइल हिस्ट्री' मुळात डेस्कटॉप आणि लायब्ररीतले फोल्डर जपते. डीमध्ये आपण केलेला 'लग्न फोटो' किंवा 'ऊस बिले' हा फोल्डर तिला माहीतच नसतो. त्यावर राइट क्लिक करून 'इन्क्लूड इन लायब्ररी' केले, तरच तो यादीत येतो. वनड्राइव्हचेही तसेच. त्याचा बॅकअप डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा ठरलेल्या फोल्डरांपुरता असतो आणि फुकटची जागा ५ जीबी. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. नव्या संगणकावर जाताना 'विंडोज बॅकअप' वापरणाऱ्यांनाही हाच फटका बसू शकतो. पडद्यावर हिरवी खूण येते, काम झाले असे सांगितले जाते, आणि डीमधली एकही फाइल पुढे गेलेली नसते. यंत्र खोटे बोलत नाही, पण आपण काय विचारले होते तेही ते सांगत नाही.

गूगल ड्राइव्हच्या संगणकावरील आवृत्तीत डीमधला फोल्डर निवडता येतो. मात्र १५ जीबीची फुकट जागा जीमेल आणि फोटोंसह मिळून असते, शिवाय हे सिंक आहे. इथे फाइल पुसली की तिथेही पुसली जाते. ती ३० दिवस ट्रॅशमध्ये राहते, नंतर नाही. दिवाळीत चुकून उडालेला फोल्डर संक्रांतीला आठवला, तर काय करणार?

बाहेरची हार्ड डिस्क जोडून कॉपी करणाऱ्यांच्या अडचणी निराळ्या. लग्नाच्या व्हिडिओवर येऊन 'फाइल फार मोठी आहे' असा संदेश आला, तर डिस्कमध्ये जागा असूनही ती फॅट३२ पद्धतीची असण्याची शक्यता मोठी. तिच्यावर ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल मावत नाही. एनटीएफएस किंवा एक्सफॅट करावे; पण तसे फॉरमॅट करताना तिच्यावरचे सगळे जाते, तेव्हा आधी ते हलवा.

कॉपी एकाच फाइलवर तासन्‌तास अडून बसली, तर प्रकरण गंभीर आहे. डिस्कचा तो भाग बहुधा खराब झाला आहे. अशा वेळी अनेकजण 'चेकडिस्क' लावून मोकळे होतात. तसे करू नये. आजारी डिस्कला पूर्ण तपासणीसाठी पळवले, तर उरलेसुरलेही जाऊ शकते. आधी सर्वांत मोलाचे फोल्डर काढून घ्या, अडलेली फाइल सोडून पुढे जा, तपासणी नंतर. विंडोजमधली 'रोबोकॉपी' यासाठी उपयोगी आहे, पण न वाचता आलेल्या फाइलवर ती आपणहून १० लाख वेळा प्रयत्न करते आणि दर दोन प्रयत्नांमध्ये ३० सेकंद थांबते! प्रयत्नांची संख्या एकवर आणूनच ती चालवावी. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर तेही नको. संगणक बंद करून जाणकाराकडे न्या.

मराठी डीटीपीवाल्यांसाठी आणखी एक खाचखळगा आहे. कामाच्या फाइली डीवर, पण श्रीलिपी, कृतिदेव यांसारखे फॉन्ट सीवर, विंडोजच्या पोटात. डीचा बॅकअप उत्तम घेतला आणि सी उडाला, तर जुनी पत्रिका उघडते, पण अक्षरांच्या जागी इंग्रजी चिन्हांचा काला दिसतो. युनिकोडच्या आधीचे सगळे मराठी काम या फॉन्टवर टांगलेले आहे. फॉन्टचा फोल्डर आणि महत्त्वाच्या कामांची पीडीएफ, दोन्ही प्रतीत हवेत.

आता प्रत ठेवायची कुठे? तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या ठिकाणी, हा ३-२-१ नियम पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केला. शिरोळ तालुक्यात यातला शेवटचा आकडा सर्वांत महत्त्वाचा. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. कुरुंदवाडला किंवा नृसिंहवाडीला घर असेल, तर संगणक आणि त्याची बॅकअप डिस्क एकाच कपाटात ठेवून काय साधणार? जयसिंगपुरातल्या बहिणीकडे, भाच्याकडे एक डिस्क ठेवायला खर्च शून्य. भिजलेली डिस्क मात्र सुरू करून पाहू नये. बऱ्याच हार्ड डिस्कना हवेसाठी बारीक छिद्र असते, तिथून गढूळ पाणी आत जाते आणि वीज मिळताच तबकडीवर ओरखडे पडतात.

आणि प्रत उघडून पाहा. १९९८ मध्ये पिक्सार स्टुडिओत 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाच्या फाइली चुकीच्या आज्ञेने पुसल्या गेल्या. बॅकअप होता, पण तो नीट चालत नव्हता, हे तेव्हाच कळले. बाळंतपणामुळे घरून काम करणाऱ्या गेलिन ससमन यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती, म्हणून चित्रपट वाचला. जगातल्या नामांकित स्टुडिओची ही गत, तर आपल्या कपाटातल्या डिस्कची खात्री कशी धरायची?

३१ मार्चला जागतिक बॅकअप दिन असतो. आपल्याकडे त्या दिवशी वर्षअखेरीच्या हिशेबातून मान वर काढायला कोणाला फुरसत नसते, त्यामुळे मे महिना बरा, पावसाच्या आधी. बॅकअपची डिस्क दुसऱ्याच्या संगणकाला जोडा. पाच वर्षांपूर्वीचा एक फोटो, एक व्हिडिओ आणि एक मराठी फाइल उघडा. व्हिडिओ शेवटपर्यंत चालतो का आणि जोडाक्षरे जागेवर आहेत का ते पाहा. अर्ध्या तासाचे काम आहे.