स्वस्त दरपत्रकाची खरी किंमत

दिवाळी सरली की शहरांतील गृहनिर्माण संस्थांच्या फळ्यांवर एक ठरावीक सूचना दिसू लागते : अमुक क्रमांकाच्या सदनिकेत दुरुस्तीचे काम सुरू होत असून सभासदांनी सहकार्य करावे. तेव्हापासून मृगाच्या पहिल्या सरीपर्यंत हातोड्यांचे आवाज, सिमेंटच्या गोणी आणि जिन्यातील धूळ हा नागरी जीवनाचा भागच होऊन बसतो. ‘घर पाहावे बांधून’ ही म्हण रूढ झाली त्या काळी घरमालक स्वतः गवंड्याच्या शेजारी उभा राहून विटा मोजून घेत असे. आजचा शिक्षक वा कारकून बांधलेले घर विकत घेतो. वीस-पंचवीस वर्षांनी छत गळू लागले, नळ गंजले, गिलाव्याचे पोपडे निघू लागले, म्हणजे बांधकामाशी त्याचा पहिला खरा संबंध येतो. निवृत्तीच्या सुमारास हाती आलेल्या भविष्यनिर्वाह निधीतील काही लाख रुपये एका अनोळखी माणसाच्या स्वाधीन करावयाचे असतात. तो माणूस विश्वासू आहे, हे ओळखावे कसे?

या प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकास आहे तो प्रामुख्याने स्वतः केलेल्या चुकीमुळे. काही वर्षांपूर्वी आमच्या वरच्या मजल्यावरील घराच्या दुरुस्तीसाठी तीन दरपत्रके मागविली. तिघांपैकी सर्वांत कमी रकमेचे कंत्राटदार गोडबोले, तत्पर आणि परिचिताच्या परिचयातले होते. निम्मी रक्कम उचल म्हणून दिली. काम काय करावयाचे ते बोलण्यात ठरले, कागदावर एका ओळीत उतरले. मे महिन्यात रंगवलेल्या भिंती पाहून आप्तेष्टांनी कौतुक केले. जुलैत त्याच भिंतींवर ओलीचे नकाशे उमटले. दूरध्वनी प्रथम उचलला जाई, मग उचलेनासा झाला. वर्गात बाजारपेठेतील माहितीच्या विषमतेवर व्याख्याने देणाऱ्या अध्यापकाने स्वतःच्या घरी मात्र तोच धडा शुल्क भरून शिकावा, यातला विनोद त्या पावसाळ्यात तरी जाणवला नाही.

न दिसणाऱ्या मालाचा बाजार

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी एक छोटासा निबंध लिहिला. पुढे २००१ मध्ये त्यांना ज्या संशोधनासाठी नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला, त्याचा पाया या निबंधात आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : मालाचा खरा दर्जा विक्रेत्याला ठाऊक असतो, ग्राहकाला नसतो. त्यामुळे ग्राहक चांगल्या मालालाही सरासरीपेक्षा अधिक किंमत देण्यास धजत नाही. त्या किमतीत चांगला माल विकणे परवडेनासे होऊन चांगला विक्रेता बाजारातून बाहेर पडतो आणि मागे उरतो तो निकृष्ट माल. म्हणजे बाजार बिघडविण्यासाठी सर्व विक्रेते लबाड असण्याची मुळीच गरज नाही. ग्राहकाचे अज्ञान तेवढे पुरेसे आहे.

घरदुरुस्तीची स्थिती जुन्या मोटारीहूनही कठीण आहे. मोटार निदान चालवून पाहता येते. परंतु काही सेवा अशा असतात की त्या घेऊन झाल्यानंतरही त्यांचा दर्जा सामान्य ग्राहकास कळत नाही. डार्बी आणि कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ साली अशा सेवांचा वेगळा वर्ग कल्पिला आणि दुरुस्तीची कामे त्यात घातली. आपल्या स्नानगृहातील फरशीखाली जलरोधक थर किती जाडीचा घातला, गिलाव्यात सिमेंटचे प्रमाण किती, भिंतीत पुरलेली विजेची तार कोणत्या प्रतीची, हे फरशी व रंग चढल्यावर कोणालाही दिसत नाही. डोळ्यांना दिसते ती फरशी आणि रंग. दर्जा असतो तो त्यांच्या पाठीमागे.

आता तीन दरपत्रकांकडे या दृष्टीने पाहावे. समजा, दोघांनी चार लाखांच्या आसपास रक्कम मागितली आणि तिसऱ्याने तीन लाखांत काम करण्याची तयारी दाखविली. सिमेंट, वाळू आणि सळई तिघांनाही जवळपास एकाच भावाने मिळते. गवंडी, सुतार यांची रोजंदारीही एकाच मजूर नाक्यावर ठरते. मग लाखभर रुपयांचा फरक येतो कोठून? क्वचित तो कार्यक्षमतेतून येत असेलही. बहुधा मात्र तो झाकल्या जाणाऱ्या कामातून येतो. गिलाव्यावर किमान सात दिवस पाणी मारावयाचे, ते दोनच दिवस मारले जाते. ओल्या जागेसाठी आयएस ७१० मानकाचे सागरी प्लायवूड वापरावयाचे, त्याऐवजी आयएस ३०३ चे सर्वसाधारण प्लायवूड बसविले जाते. रंगाखाली दोन्ही सारखेच दिसतात. किंवा मजुरांची मजुरी तुंबविली जाते आणि मग ते काम अर्धवट टाकून निघून जातात. किंवा कमी दराने काम मिळवून पुढे ‘जादा कामां’च्या नावाखाली उरलेली रक्कम वसूल केली जाते. यातील काहीही झाले तरी तीन लाखांचे दरपत्रक शेवटी तीन लाखांचे राहत नाही.

कायद्यातील पोकळी

या बाबतीत राज्यसंस्थेने ग्राहकास किती संरक्षण दिले आहे? नव्या घराच्या खरेदीदारास २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने बरेच दिले. विकासकाने प्रकल्पाची नोंदणी केली पाहिजे. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत रचनेतील वा कारागिरीतील दोष आढळल्यास तो विनामूल्य दुरुस्त करून दिला पाहिजे. महाराष्ट्रात महारेरा २०१७ पासून या कायद्याची अंमलबजावणी करीत आहे. परंतु ज्या नूतनीकरणात वा दुरुस्तीत जाहिरात, विक्री किंवा नवे वाटप अंतर्भूत नाही, त्याला याच कायद्याच्या तिसऱ्या कलमाने नोंदणीतून वगळले आहे. वगळण्यामागील तर्क समजण्यासारखा आहे. स्वयंपाकघराचा ओटा बदलणाऱ्यास नोंदणी कार्यालयात धाडणे हास्यास्पद ठरेल. परिणाम मात्र असा की नवे घर विकणारा कायद्याच्या चौकटीत आला आणि जुने घर दुरुस्त करणारा बाहेर राहिला.

उरतो तो ग्राहक संरक्षण कायदा. घरबांधणी ही ‘सेवा’ आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात स्पष्ट केले. मोबदला देऊन करून घेतलेली दुरुस्तीही सेवाच होय. २०१९ च्या कायद्यानुसार ग्राहकास आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार दाखल करता येते. त्यासाठी कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारात शुल्क पडत नाही. ही सोय मोलाची आहे. परंतु आयोगापुढे ग्राहक उभा राहतो तेव्हा त्याला पहिला प्रश्न विचारला जातो, ठरले काय होते? एका ओळीच्या कागदापाशी याचे उत्तर नसते.

आणि पैसा हीच एकमेव जोखीम नव्हे. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपर येथील एक निवासी इमारत कोसळून १७ जणांचा बळी गेला. तळमजल्यावर चाललेल्या फेरबदलांत इमारतीच्या आधाराला धक्का लावल्याचा आरोप त्या वेळी झाला होता. एका सदनिकेतील ‘नूतनीकरण’ हा त्या सदनिकेपुरता प्रश्न नसतो. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत फेरबदलांसाठी संस्थेची परवानगी घ्यावयास सांगितले आहे. पंधरा ते तीस वर्षे वयाच्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीचे तीन वर्षांतून एकदा करावयास सांगितले आहे. हा केवळ कागदी सोपस्कार मानणारा सभासद आपल्याबरोबर शेजाऱ्याचाही जीव पणास लावतो. खांब, तुळई वा भार वाहणारी भिंत ‘सहज काढून देतो’ असे जो कंत्राटदार अभियंत्याचा सल्ला न घेता सांगतो, त्याला तेथेच निरोप द्यावा.

विश्वास ठेवावा कसा?

आपण सामान्यतः विश्वासू माणूस शोधतो. ओळखीपाळखीने, शिफारशीने, बोलण्यावरून. माझ्या मते येथेच मूळ चूक आहे. विश्वासार्हता हा माणसाच्या चेहऱ्यावर वाचता येणारा गुण नसून बव्हंशी व्यवहाराच्या अटींतून ती निर्माण होत असते. निम्मी रक्कम आगाऊ घेतलेल्या सज्जन माणसालाही दुसऱ्या कामाची उचल खुणावू लागते आणि आपले काम मागे पडते. उलट, दिलेला पैसा कोणत्याही क्षणी झालेल्या कामाच्या मोलापेक्षा अधिक नसेल, तर काम पुरे करण्यातच कंत्राटदाराचा लाभ असतो. हा एकच नियम पाळला तरी अर्धी चिंता मिटेल.

दुसरी गोष्ट लेखी तपशिलाची. कोणत्या खोलीत कोणते काम, किती चौरस फूट, कोणत्या मानकाचा माल, कोणता दर, किती दिवस, हे स्वतंत्र ओळींत लिहिलेले असले म्हणजे तीन दरपत्रकांची तुलना करता येते. एरवी आपण फक्त तीन बेरजांची तुलना करीत असतो. जादा काम निघाल्यास त्याचा दर काम करण्यापूर्वी लिहून दोघांच्या सह्या व्हाव्यात. स्नानगृहाची फरशी बसविण्याआधी दोन दिवस पाणी साठवून ठेवून खालच्या छतास ओल येते का, ते पाहावे. झाकले जाणारे प्रत्येक काम झाकण्यापूर्वी छायाचित्रांत उतरवावे. आणि शिफारस करणाऱ्यास ‘काम कसे झाले?’ असे न विचारता ‘त्यानंतर किती पावसाळे गेले?’ असे विचारावे.

तिसरी अट सर्वांत महत्त्वाची. निदान दहा टक्के रक्कम एक पूर्ण पावसाळा उलटेपर्यंत राखून ठेवावी. सरकारी बांधकामांत अशी सुरक्षा ठेव ठेवण्याची रीत जुनीच आहे. आपल्या हवामानात जून ते सप्टेंबर हाच खरा परीक्षक. त्याच्यापुढे कोणाचे गोड बोलणे चालत नाही. ही अट ऐकताच जो काढता पाय घेतो त्याने आपल्या कामाविषयीचे स्वतःचे मत आपणास विनामूल्य सांगितले, असे समजावे. जो मान्य करतो त्याचे दरपत्रक थोडे चढे असले तरी ते स्वस्त आहे.

येथे दुसरी बाजूही सांगणे न्यायाचे होईल. छोट्या कंत्राटदाराकडे भांडवल नसते. मालाचे पैसे आणि आठवड्याची मजुरी त्याला खिशातून भागवता येत नाही. यावर उपाय म्हणजे माल ग्राहकाने स्वतः दुकानातून घ्यावा आणि मजुरीचे हप्ते लहान व नियमित ठेवावेत. ‘जाता जाता एवढेही करून टाका’ म्हणत फुकट कामे लादणारे, मध्येच बेत बदलणारे आणि शेवटचा हप्ता क्षुल्लक कारणावरून बुडविणारे घरमालकही कमी नाहीत. राखून ठेवलेली रक्कम ठरल्या दिवशी, न मागता दिली जाणार नसेल, तर प्रामाणिक कारागीरही पुढच्या वेळी ती आधीच दरात मिळवील.

वैयक्तिक सावधगिरीला अर्थात मर्यादा आहेत. प्रत्येक ग्राहकाने करारनामा स्वतः रचावा ही अपेक्षा अवास्तव आहे. महानगरपालिका, गृहनिर्माण संस्थांचे महासंघ आणि ग्राहक संघटना यांनी मिळून सोप्या मराठीत दोन पानांचा नमुना करार तयार केला आणि फेरबदलाच्या परवानगीबरोबर तो प्रत्येक सभासदाच्या हाती पडू लागला, तर नवा कायदा न करताही ही पोकळी पुष्कळशी भरून निघेल. चांगल्या कारागिरास चांगला भाव मिळू लागेल, आणि तो मिळाला तरच तो बाजारात टिकेल.

आमच्या घराचे काम पुढच्या वर्षी पुन्हा करून घेतले. दरपत्रक पहिल्याहून बरेच अधिक होते, कागद तीन पानांचा होता, आणि शेवटचा हप्ता ऑक्टोबरात दिला. त्या पावसाळ्यात भिंतींवर एकही नकाशा उमटला नाही. मात्र दोन्ही कामांचा खर्च एकत्र मांडला तेव्हा कळले, की सर्वांत महाग पडले होते ते पहिलेच दरपत्रक.