नाव बदलले, धंदा तोच

जाहिरातदार क्वचितच उघड खोटे बोलतो. त्याला तशी गरजच पडत नाही. समाजात आधीपासून वावरणारी एखादी भीती हेरायची, ती वाढवायची आणि तिच्यावरचा उतारा म्हणून आपली वस्तू पुढे करायची, हा या धंद्याचा राजमार्ग आहे. गोरेपणाच्या मलमांचा इतिहास हे त्याचे बोलके उदाहरण होय.

युनिलिव्हर या बहुराष्ट्रीय मक्तेदार कंपनीची भारतातील शाखा असलेल्या हिंदुस्थान लिव्हरने १९७५ साली ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आणले. त्याच्या एका गाजलेल्या जाहिरातीत संसाराच्या ओढाताणीने गांजलेला बाप, आपल्याला मुलगा असता तर, असा सुस्कारा सोडतो. सावळी मुलगी मलम लावते, उजळते, हवाई सुंदरीची नोकरी मिळवते आणि घरची विवंचना संपते!

या कथेतील भीती खोटी नाही. रविवारच्या वर्तमानपत्रांतील वधू-वर सदरे ‘गोरी’ वधू मागतात, हे कोण नाकारील? खोटा आहे तो दोषाचा पत्ता. बेकारी, हुंडा, मुलीला ओझे मानणारी सरंजामी वृत्ती, वर्ण आणि जात यांचा दंभ या साऱ्यांचा जाब व्यवस्थेला विचारायचा, तो मुलीच्या चेहऱ्याला विचारला जातो. त्या जाबाचे उत्तर म्हणून लहान लहान पुड्यांतून विकले जाणारे मलम कष्टकरी स्त्रीच्या तुटपुंज्या कमाईतूनही वाटा काढते.

अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने २००२ साली या जाहिरातींविरुद्ध कंपनीकडे निषेध नोंदवला. तेथे दाद न लागल्याने संघटना राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे गेली. प्रकरण माहिती व नभोवाणी मंत्रालयापर्यंत पोचले आणि २००३ मध्ये आक्षेपार्ह जाहिराती पडद्यावरून हटल्या. त्याच वर्षी कंपनीने त्याच मलमाच्या नावाने मुलींना शिष्यवृत्त्या देणारे प्रतिष्ठान काढले. ज्या मुलीला कमी लेखून नफा कमवायचा, तिच्याच शिक्षणाचा कैवार घ्यायचा!

उद्योगाच्या ‘आत्मनियमना’चे गोडवे नेहमी गायले जातात. १९८५ साली स्थापन झालेली भारतीय जाहिरात मानक परिषद ही जाहिरातदार, जाहिरातसंस्था आणि प्रसारमाध्यमे यांचीच संस्था आहे. सावळ्या माणसाला दुःखी वा अपयशी दाखवू नये, हा नियम करायला तिला २०१४ साल उजाडावे लागले. पुढे २०२० मध्ये अमेरिकेतील वर्णद्वेषविरोधी आंदोलनाचे पडसाद जगभर उमटले, तेव्हा कंपनीने ‘फेअर’ हा शब्द गाळून ‘ग्लो’ हा शब्द घेतला. मलम दुकानातून हटले नाही. हटला तो अडचणीचा शब्द.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस १० लाख, पुन्हा तसे केल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. हजारो कोटींची उलाढाल करणाऱ्या कंपनीच्या हिशेबात ही रक्कम किरकोळ खर्चात जमा होते. शिवाय दंड होईतो जाहिरात आपले काम करून गेलेली असते.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. दाव्याचा पुरावा प्रसारणापूर्वी सार्वजनिक यंत्रणेपुढे मांडला जावा आणि तो जनतेला पाहता यावा. महिला व कामगार संघटनांना त्यावर हरकत घेण्याचा हक्क असावा. आणि दंड ठरावा तो त्या वस्तूच्या विक्रीच्या प्रमाणात. २००३ साली जाहिराती हटल्या त्या कंपनीच्या सदसद्विवेकाने नव्हेत, संघटित स्त्रियांच्या रेट्याने. या मागण्याही त्याच रेट्याने पदरात पडतील.