'सर्टिफाइड' कोणी केली?

प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळी चिठ्ठी असते. तिच्यामागे १९६६ चा बियाणे कायदा आणि अकोल्याची प्रमाणीकरण यंत्रणा आहे. (तरी उगवण फसते, तो विषय वेगळा.) जुन्या गाडीच्या काचेवर 'सर्टिफाइड' लिहिले, तर त्यामागे कोण? विकणाराच!

डहाणू-तलासरीला गुजरातची हद्द लागून. वापीकडची जुनी जीप स्वस्त पडते. इकडे भाताचे पैसे, तिकडे कापूस-ज्वारीचे. फसण्याची रीत एकच. घरी आणल्यावर इंजिन धूर ओकते, आरसी बुकावर फायनान्सचा बोजा निघतो, आणि मूळ आरटीओची एनओसी नसते. तिच्याशिवाय गुजरातची गाडी इथे आपल्या नावावर चढत नाही.

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला आरटीओचे अधिकारपत्र लागते. ते आधी मागा. पण त्यात कागद तपासले जातात, इंजिन नव्हे! म्हणून आमची मागणी : बियाण्यासारखा गाडीचा 'प्रमाणित' शब्दही कायद्याने बांधा.

तोवर आपला मिस्त्री सोबत न्या. 'सर्टिफाइड' हा शब्द पावतीवर लिहून घ्या. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही; मुदत दोन वर्षे.