टिश्यू कल्चरचा साग खोटा नाही

जोगेश्वरी पश्चिमेच्या ओशिवरा फर्निचर मार्केटमध्ये जुन्या कपाटाच्या फळीवर रंधा फिरला, की काळपट पॉलिशखालून सोनेरी-तपकिरी रंग उघडा पडतो, गर्द रेषा उठून दिसतात आणि सागाचा तेलकट वास सुटतो. ‘असं लाकूड आता होणे नाही, टिश्यू कल्चरचा साग म्हणजे नुसता भुसा,’ असं चांगले जाणकारही ठामपणे सांगतात. हे मत चुकीचं आहे, आणि घातकही.

घातक अशासाठी, की म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून सागाच्या ओंडक्यांची निर्यात बंद केली आणि पाडलेल्या वाड्या-चाळींतून निघणारा ‘बर्मा टीक’ काही अक्षय्य नाही. मग बियाणंच लावा, असं म्हणावं, तर सागाचं कठीण कवचाचं फळ रुजायला हट्टी. शिवाय परागीभवन परक्या झाडाकडून होत असल्याने उत्तम झाडाच्या बीतून तसंच झाड येईल, ही खात्री नाही.

ही अडचण पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने ओळखली होती. गुप्ता, नाडगीर, मस्कारेन्हस आणि जगन्नाथन यांनी १९८० साली शंभर वर्षांच्या सागापासून ऊतिसंवर्धनाने, म्हणजेच टिश्यू कल्चरने, झाडाच्या छोट्या तुकड्यातून बाटलीत त्याच्याच प्रतीसारखी रोपं करून दाखवली. यातलं मोल वयात आहे. कोवळं रोप निवडणं हा जुगार असतो. शंभर वर्षं उभ्या असलेल्या झाडाने आपला बुंधा दाखवून दिलेला असतो. फिनलंडमध्ये नक्षीदार लाकडाचा बर्च याच पद्धतीने वाढवतात, कारण बियांच्या सगळ्या रोपांत ती नक्षी उतरत नाही.

आता ‘भुसा’ या आरोपाचं. रेषा केवळ आनुवंशिक नसतात. जमीन, पाऊस आणि वय त्या घडवतात. कोवळेपणीच तोडलेल्या सागात पांढरं लाकूड जास्त, गाभा कमी, मग तो बीचा असो की बाटलीतला. दोष घाईचा आहे. नव्वदच्या दशकात साग लागवडीच्या नावाने लोकांचे पैसे बुडाले, ती फसवणूक होती. वनस्पतिशास्त्राचा त्यात काय अपराध?

एक आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे. एकाच झाडाच्या लाखो प्रती लावल्या, तर एक कीड सगळं रान खाईल. म्हणून मातृवृक्ष अनेक हवेत, आणि गडचिरोलीतल्या आलापल्लीच्या ‘वनवैभवा’सारखी बियांतून उगवलेली जुनी जंगलं अस्पर्श राहायला हवीत. अशा जुन्या सागांचे कोंब वनविभागाने आत्ताच घ्यावेत, शेतकऱ्याला रोप देताना ‘दहा वर्षांत लखपती’ असं सांगू नये, आणि सरकारी लागवडीवर निदान साठ वर्षं कुऱ्हाड चालवू नये.